थंडरचे दोन उंच गडी: चेट आणि हार्टेनस्टाईन एकत्र खेळवायचे की आलटून-पालटून?

सहावा गडी (धागाकर्ता)

२०२५ची एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनल संपली, ओक्लाहोमा सिटी थंडरने करंडक उचलला, सगळं छान झालं. तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

प्लेऑफच्या पहिल्या तीन फेऱ्यांत मेम्फिस, डेन्व्हर आणि मिनेसोटाविरुद्ध थंडरने सुरुवात केली ती त्याच पाच जणांनी: शे गिल्जस-अलेक्झांडर, लू डॉर्ट, जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन आणि आयझेया हार्टेनस्टाईन. म्हणजे दोन सात फुटी खेळाडू एकाच वेळी कोर्टवर. आणि फायनलच्या पहिल्याच सामन्यात कोच मार्क डेगनॉल्टने हार्टेनस्टाईनला बेंचवर बसवून उंचीने कमी असलेल्या केसन वॉलेसला उतरवलं. कारण कळण्यासारखं होतं. इंडियाना पेसर्स सतत पळणारा संघ. त्यांचा तेव्हाचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी) माइल्स टर्नर तीन गुणांच्या, म्हणजे ‘थ्री’च्या रेषेबाहेर उभा राहून शॉट मारायचा, त्यामुळे आपला सेंटर रिंगपासून लांब ओढला जायचा. आणि दुसऱ्या उंच गड्याला त्यांच्याच सियाकमच्या मागे धावावं लागलं तर दमछाकच.

त्या सामन्यात इंडियानाने २५ वेळा चेंडू गमावला, त्यातले १९ पूर्वार्धातच. म्हणजे वेगवान लाइनअपने आपलं काम केलं. तरीही सामना गेला, १११-११०. इंडियानाच्या हॅलिबर्टनचा ०.३ सेकंद उरले असतानाचा शॉट सगळ्यांना आठवतो. मला मात्र रिबाउंडचा (चुकलेल्या शॉटनंतर चेंडू मिळवण्याचा) आकडा खुपतोय: त्यांचे ५६, आपले ३९. समोरच्याकडून २५ वेळा चेंडू काढून घ्यायचा आणि मग चुकलेल्या शॉटवर तो परत त्यालाच द्यायचा, हे बघवत नव्हतं.

पुढचे दोन सामनेही वॉलेसनेच सुरू केले. एक जिंकला, एक हरला. १-२ अशा पिछाडीवर चौथ्या सामन्यात हार्टेनस्टाईन पुन्हा पहिल्या पाचांत आला आणि थंडरने १११-१०४ असा सामना काढून बरोबरी साधली.

‘दोन उंच गडी बरे की एकच’ हा प्रश्नच अपुरा आहे असं मला वाटतं. या संघाला दोन्ही पद्धती अंगवळणी पडल्या होत्या, आणि त्या दुखापतींमुळे पडल्या. मोसम सुरू होण्याआधीच हार्टेनस्टाईनचा डावा हात मोडला, त्यामुळे सुरुवातीला चेट एकटा सेंटर. १० नोव्हेंबर २०२४ला गोल्डन स्टेटविरुद्ध चेट पडला, कमरेच्या हाडाला फ्रॅक्चर. त्यानंतर काही सामने संघाकडे धड सेंटरच नव्हता. साडेसहा फुटांच्या आतबाहेरचा जेलन विल्यम्स सेंटरच्या जागी खेळला! मग नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हार्टेनस्टाईन आला आणि अडीच-तीन महिने एकटा खेळला. चेट परतला ७ फेब्रुवारीला. म्हणजे मोसमाचा निम्म्याहून जास्त भाग होईपर्यंत हे दोघे एकत्र उतरलेच नव्हते. तरी ६८ विजय. चेट एकटा, हार्टेनस्टाईन एकटा, दोघेही नाहीत, दोघेही आहेत. चारही परिस्थितींत उरलेल्यांनी काय करायचं हे त्यांना पाठ झालं होतं.

तुम्हाला काय वाटतं?

२०१२ पासून

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्यासारख्यांची ही जुनी जखम आहे.

२०१२ची फायनल. ड्युरांट, वेस्टब्रुक, हार्डन, तिघेही कोवळे. मायामीविरुद्ध पहिला सामना १०५-९४ने जिंकलो. दुसऱ्या सामन्यापासून मायामीने ख्रिस बॉशला सुरुवातीलाच सेंटर म्हणून आणलं आणि कोर्ट मोकळं करून टाकलं. आणि आपल्याकडे केंड्रिक पर्किन्स पाचही सामन्यांत सुरुवातीलाच. पर्किन्सबद्दल मला राग नाही. तो दमदार स्क्रीन लावायचा (अंग मध्ये घालून पहारेकऱ्याची वाट अडवायचा), तगड्या सेंटरला अंगावर घ्यायचा. पण समोर तगडा सेंटरच नव्हता! ज्याला अडवण्यासाठी तो होता तो माणूसच मायामीने काढून घेतला, आणि आपण काहीच बदललं नाही. पुढचे चारही सामने हरलो.

म्हणून २०२५च्या फायनलमध्ये पहिल्या सामन्याआधी वॉलेसचं नाव ऐकून मला बरंच वाटलं होतं. हरलो ते खरं, पण निदान समोरच्याकडे बघून विचार तरी केला होता.

आकडेमोड

जरा विरोधी सूर लावतो.

सुरुवातीला कोण उतरलं याला आपण फार महत्त्व देतोय. वॉलेसने सुरू केलेला दुसरा सामना १२३-१०७ने जिंकला, तेव्हा कोणी म्हणालं नाही की एकच उंच गडी ठेवल्यामुळे जिंकलो. आणि ज्या चौथ्या सामन्याचं श्रेय हार्टेनस्टाईनला दिलं जातंय, त्यात तिसरा क्वार्टर संपला तेव्हा थंडर ८०-८७ असा मागे होता. म्हणजे तीन क्वार्टर तो बदल काही जिंकून देत नव्हता. शेवटच्या क्वार्टरमध्ये ३१-१७ झालं ते शेमुळे. त्याच्या ३५ गुणांपैकी १५ शेवटच्या पाच मिनिटांतले.

सात सामन्यांच्या मालिकेत एका बदलाने काय केलं हे वेगळं काढून दाखवणं जवळपास अशक्य आहे. मी असं म्हणत नाही की डेगनॉल्ट चुकला. मी म्हणतोय की निकालावरून निर्णय जोखू नका.

बोर्डवाला

आकडेमोड, तुमचा मुद्दा मान्य, पण त्याच सामन्यातली एक गोष्ट तुम्ही सोडलीत. अख्ख्या चौथ्या सामन्यात थंडरचे थ्री पडले फक्त तीन. तीन! शेच्या नावावर एकही असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतो असा पास) नव्हता. बाहेरून काहीच पडत नसताना आजच्या काळात फायनलचा सामना कसा काय जिंकतात? फ्री थ्रोवर, दुसऱ्या संधीवर आणि डिफेन्सवर. चेटचे त्या दिवशी १५ रिबाउंड होते. शेजारी दुसरा धिप्पाड माणूस उभा असला की असे रिबाउंड मिळतात. मी स्वतः बरीच वर्षं सेंटर खेळलोय, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो: रिबाउंड ज्याच्या नावावर लागतो त्याने तो मिळवलेला असतोच असं नाही. हार्टेनस्टाईन समोरच्याला पाठीने रेटत रिंगपासून दूर नेतो, स्वतः उडीसुद्धा मारत नाही, आणि चेंडू चेटच्या हातात येतो.

चेट ७ फूट १ इंच, पण अंगाने काटकुळा. प्रत्येक चढाईत शंभर-सव्वाशे किलोच्या माणसाशी खांद्याला खांदा लावून झुंजायचं काम त्याच्यावर टाकलं तर चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याच्या पायांत उडी उरत नाही. दुसरा उंच गडी ही त्या उडीची बचत आहे.

आता हार्टेनस्टाईनचं मला सगळ्यात आवडणारं काम. शे चेंडू घेऊन येतो, हार्टेनस्टाईन त्याच्या पहारेकऱ्याला स्क्रीन लावतो आणि आत सरकतो. रिंगपर्यंत जात नाही. फ्री थ्रो लाइनच्या एक पाऊल आत थांबतो. समोरचा सेंटर शेला अडवायला पुढे आलेला असतो. शे चेंडू त्याच्याकडे टाकतो, हा तो डाव्या हातात घेतो आणि खांद्यावरून ढकलल्यासारखा फ्लोटर सोडतो. गोळाफेकीसारखी कृती दिसते. चेंडू उंच जातो आणि अलगद पडतो. आणि फ्लोटर मारायचा नसेल तर त्याच जागेवरून कोपऱ्यातल्या शूटरला पास. सात फुटी माणूस, सरासरी सामन्याला ३.८ असिस्ट. अशा माणसाला ‘पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) गर्दी करणारा’ म्हणणं मला पटत नाही.

पहिलाच मोसम

मी या वर्षीच एनबीए बघायला लागलेय. वर सगळेजण ‘गर्दी’, ‘मोकळं कोर्ट’ म्हणताय. दोन उंच माणसं असली की गर्दी का होते? माणसं तर पाचच असतात ना?

चौथा क्वार्टर

चांगला प्रश्न. माणसं पाचच, पण प्रत्येकाच्या मागे एक पहारेकरी असतो, आणि तो किती लांब उभा राहतो ते त्या खेळाडूच्या शूटिंगवर ठरतं.

समजा डॉर्ट कोपऱ्यात उभा आहे. कोपऱ्यातला थ्री सगळ्यात जवळचा असतो, २२ फूट. वरच्या कमानीवरून तोच २३ फूट ९ इंच. त्यामुळे कोपऱ्यातल्या चांगल्या शूटरला सोडून त्याचा पहारेकरी फार आत येऊ शकत नाही. आला तर फुकटचे तीन गुण. आता त्याच कोपऱ्यात बाहेरून न मारणारा उंच गडी उभा करा. त्याचा पहारेकरी बिनधास्त पेंटमध्ये जाऊन उभा राहणार. शेने ड्राइव्ह केला (चेंडू घेऊन रिंगकडे घुसला) की त्याला एकाऐवजी दोघे भेटतात. गर्दी म्हणजे ही. आपल्या उंच गड्यामुळे होत नाही, त्याला मोकळा सोडून आत आलेल्या समोरच्या माणसामुळे होते.

एनबीएमध्ये यावर थोडा लगाम आहे. बचाव करणारा खेळाडू कोणालाही जवळून गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबला तर टेक्निकल फाउल. आंतरराष्ट्रीय नियमांत हा लगाम नाही, तिथे सेंटर रिंगखाली ठाण मांडू शकतो.

आता थंडरचं वेगळेपण: दोघांपैकी चेट थ्री मारतो. त्यामुळे तो बाहेर उभा राहिला तर त्याचा पहारेकरी, जो बहुतेक वेळा समोरचा उंच माणूस असतो, तोही बाहेर खेचला जातो. आणि डिफेन्सला दोघे आत. हल्ल्यात एक आत एक बाहेर, बचावात दोघे आत. जोडी अशी असेल तरच दोन उंच गड्यांचा हिशोब बसतो.

पहिलाच मोसम

आता कळलं. म्हणजे ‘उंच’ हा एक प्रकार नाहीच, कोण कुठून मारतो त्यावर सगळं आहे. खूप धन्यवाद!

निळी जर्सी

हार्टेनस्टाईनला घेतलंच कशासाठी, ते आठवायला हवं. २०२४ची दुसरी फेरी, डॅलसविरुद्ध. चेटने त्या मोसमात ८२च्या ८२ सामने खेळले होते, एकटाच खरा सेंटर. डॅलसने गॅफर्ड आणि लाइव्हली असे दोन ताज्या दमाचे सेंटर आळीपाळीने सोडले. डॅलसचा डॉन्चिच ड्राइव्ह करायचा, चेट त्याला अडवायला पुढे आला की वरून लॉब (डोक्यावरून उंच टाकलेला पास), धाडकन डंक. पुढे न आला तर डॉन्चिच स्वतः. आणि दुसऱ्या टोकाला डॅलसने आपल्या जॉश गिडीला चक्क मोकळं सोडलं होतं, चौथा क्वार्टर यांनी वर सांगितलेली गर्दी तिथे एका गार्डमुळे झाली! उंचीचा संबंधच नव्हता. सहावा सामना ११७-११६ने गेला, मी त्या रात्री झोपलो नाही.

त्या उन्हाळ्यात थंडरचा संघबांधणी बघणारा सॅम प्रेस्टी याने दोन्ही भोकं बुजवली. गिडीच्या बदल्यात शिकागोहून ॲलेक्स करुसो. आणि न्यूयॉर्कहून हार्टेनस्टाईन, तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख डॉलर. तेव्हा कित्येकांनी विचारलं होतं की चेट असताना दुसऱ्या सेंटरवर एवढे पैसे कशाला. उत्तर मिळालं.

२०१२ पासून

निळी जर्सी, अगदी बरोबर. आणि यात २०१६ जोडा. स्टीव्हन ॲडम्स आणि एनेस कँटर, दोघेही सेंटर, एकत्र. ६७ सामने जिंकलेल्या सॅन अँटोनिओला आपण ४-२ने हरवलं. चुकलेला प्रत्येक शॉट जणू आपलाच होता, त्या दोघांनी बोर्ड (म्हणजे रिबाउंड) अक्षरशः ताब्यात घेतला होता. मग गोल्डन स्टेट आलं आणि कँटर त्या मालिकेत फारसा खेळूच शकला नाही. त्यांच्या स्टेफ करीसमोर लांब रेषेवर बचाव करायला त्याला उभं करणार कसं? इबाकाला सेंटरला सरकवून आपण ३-१ने पुढे गेलो. हरलो ते क्ले थॉम्पसनच्या सहाव्या सामन्यातल्या ११ थ्रीमुळे, लाइनअपमुळे नाही. अकराव्या थ्रीला कुठल्याच उंचीचं उत्तर नव्हतं.

दोन आठवड्यांत जो हुकमी एक्का होता तो पुढच्या फेरीत बेंचवर. म्हणून २०२५च्या फायनलमध्ये हार्टेनस्टाईन बेंचवर गेला आणि तरीही परत आला, हे मला मोठं वाटतं. कँटरला परत आणता आलं नव्हतं.

डावखुरा

डेन्व्हरचा सातवा सामना कोणीच काढला नाही? दोन उंच गड्यांचा खरा उपयोग मला तिथे दिसला, आणि गंमत म्हणजे तो दिसला छोट्या माणसामुळे.

डेन्व्हरचा सेंटर योकिच याने पहिल्या सामन्यात ४२ गुण, २२ रिबाउंड केले होते. सेंटरला सेंटर भिडवून तो थांबत नाही, आपल्या पाठीवर माणूस घेऊन तो सावकाश हवं ते करतो. सातव्या सामन्यात डेगनॉल्टने करुसोला त्याच्यावर सोडलं. उंचीत अर्ध्या फुटाचा फरक! पण करुसो मागे उभा राहिलाच नाही. तो योकिचच्या पुढ्यात, चेंडू आणि योकिच यांच्या मधोमध. कोपराने, मांडीने, पंजाने सतत चाळवाचाळव. पास सरळ येऊच द्यायचा नाही. मग डेन्व्हरकडे मार्ग एकच: करुसोच्या डोक्यावरून लॉब. आणि तो लॉब जिथे पडणार तिथे मागे सात फुटी हात तयार.

योकिच २० गुणांवर थांबला, सामना १२५-९३. करुसोचं सगळ्यांनी कौतुक केलं, ते रास्तच आहे. पण मागे उंच माणूस नसता तर करुसोने पुढे उभं राहायची हिंमत केली नसती. उंच गडी म्हणजे फक्त स्वतः काय करतो ते नव्हे. बाकीच्यांना काय काय धाडस करू देतो, तेही धरा.

बोर्डवाला

डावखुरा, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. डॉर्ट, वॉलेस, करुसो चेंडूवर झडप घालतात, अर्धा वेळ जुगारच असतो तो. फसला तर माणूस सुसाट रिंगकडे. मागे कोणी आहे या खात्रीवरच ते खेळतात.

आकडेमोड

मी थोडा मागे येतो, पण पूर्ण नाही. डावखुरा यांचं उदाहरण ‘मागे एक उंच हवा’ हे सिद्ध करतं. दोन हवेत हे नाही.

दोन उंच गड्यांचे इतर प्रयोग बघा. मिनेसोटाने २०२२मध्ये सेंटर गोबेअरला आणायला ड्राफ्टमधले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले) चार पहिल्या फेरीचे पिक आणि खेळाडूंचा जथा दिला, उंच टाउन्सच्या जोडीला. २०२४ला त्यांनी गतविजेत्या डेन्व्हरला सातव्या सामन्यात २० गुणांच्या पिछाडीवरून हरवलं, म्हणजे प्रयोग चालला. तरी काही महिन्यांत टाउन्स न्यूयॉर्कला. का? मुख्य कारण पैसे. आणि न्यूयॉर्कने काय केलं? २०२५ला इंडियानाविरुद्ध ०-२ झाल्यावर जॉश हार्टला बेंचवर पाठवून टाउन्सच्या जोडीला मिचेल रॉबिन्सन सुरुवातीला आणला. तिसरा सामना जिंकले, मालिका ४-२ने हरले. ह्यूस्टनने शेंगून आणि ॲडम्स एकत्र ठेवून झोन डिफेन्स (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) लावला, गोल्डन स्टेटला सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि हरले.

म्हणजे ही जोडी मालिका लांबवते, असं फार तर म्हणता येईल. थंडर जिंकला कारण त्यांच्याकडे शे होता.

चौथा क्वार्टर

पैशांचा मुद्दा मात्र इथेही येणारच. चेटचा नवा करार पाच वर्षांचा, जवळपास २४-२५ कोटी डॉलरचा, २०२६-२७ पासून सुरू. जेलन विल्यम्सचाही तेव्हाच, आणि शेचा त्यानंतर. हार्टेनस्टाईनच्या कराराचं तिसरं वर्ष, नेमकं २०२६-२७, करारात संघाच्या मर्जीवर ठेवलं होतं: २ कोटी ८५ लाख डॉलर. ते पान उघडलं की दुसऱ्या उंच गड्याचा प्रश्न कोर्टवरून हिशोबाच्या वहीत जातो. २०२५च्या ड्राफ्टमध्ये १५व्या क्रमांकावर जॉर्जटाउनचा थॉमस सॉर्बर घेतला, तोही सेंटर. तयारी सुरू आहे, असाच अर्थ मी घेतो.

निळी जर्सी

नाही हो, सॉर्बर शिकेल तेव्हा शिकेल. सरासरी १०.७ रिबाउंड आणि तो फ्लोटर एका रात्रीत उभा राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्या कोणाला सोडा, हार्टेनस्टाईनला ठेवा.

सहावा गडी (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आकडेमोड, तुमच्यामुळे मी चौथ्या सामन्याबद्दलचा माझा ठामपणा थोडा आवरता घेतो. सुरुवातीच्या पाचांनी तो सामना जिंकला नाही, मान्य.

पण सातव्या सामन्याकडे बघा. १०३-९१. चेटचे १८ गुण, ८ रिबाउंड आणि ५ ब्लॉक (समोरच्याचे हवेतच अडवलेले शॉट). फायनलच्या सातव्या सामन्यात एवढे ब्लॉक आजवर कोणाच्याच नावावर लागले नव्हते. हंगामातला सगळ्यात शेवटचा सामना, आणि ज्याची कमर नोव्हेंबरमध्ये मोडली होती तो माणूस रिंगवर उड्या मारतोय. बोर्डवाला म्हणतात ती उडीची बचत खरी असेल, तर ती कुठे खर्च झाली ते तिथे दिसलं. फेब्रुवारीपासून प्लेऑफभर समोरच्या दांडग्या सेंटरांशी धक्काबुक्की मुख्यतः कोण करत होतं?

आकडेमोड

हे उत्तर मला आवडलं. याला आकड्यांत कसं बसवायचं, ते बघतो.

बोर्डवाला

बघाच. आणि बघताना जेलिन विल्यम्सची मिनिटंही घ्या. जेलन नव्हे, जेलिन, तिसरा उंच गडी, ६ फूट ९ इंचांचा. तो ब्लॉक करत नाही, वाटेत उभा राहून चार्ज घेतो (धावत येणाऱ्याची धडक झेलून फाउल मिळवतो), आणि थ्री मारतो. चेटच्या जोडीला हार्टेनस्टाईनऐवजी तो असतो तेव्हा कोर्ट पूर्ण मोकळं होतं, पण बोर्डवर पुन्हा तीच पडझड होते का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.